एकलाच ये

बुद्धरत्नाची बायको ठाणाकुशनूरला आली ती तो गेल्यानंतर. तो होता तोवर काही तिचं येणं झालं नाही.

फेब्रुवारीची दुपार होती, रानात शाळू कणसाला आला होता. औरादकडून आलेली गाडी विहारापाशी थांबली आणि आधी ज्योत्स्ना उतरली. ज्योत्स्ना म्हणजे कोंडाबाईची लेक, बिदरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारी. तिच्या मागून एक उंच बाई उतरली. सत्तरीकडं झुकलेली, रंगानं इथल्या काळ्या रानासारखी, बारीक कापलेले पांढरे केस, अंगात सैल निळा झगा. तिनं चष्मा वर सरकवला, शाळेकडं बघितलं आणि विचारलं, "मागं चिंच होती. चिंच कुटं गेली?"

दारादारात जमलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. समोरच्या दुकानातला गुंडप्पा अण्णा साखर जोखायचा थांबला.

"रस्ता मोठा केला तवा तोडली," कुणीतरी सांगितलं.

"कामून?" ती बाई म्हणाली. खरंच जीव हळहळल्यासारखी म्हणाली.

शिकागोची बाई 'कामून' म्हणते हे ऐकून पोरंसोरं हसायला लागली. तोवर ती कोंडाबाईच्या उंबऱ्यापाशी पोचली होती. कोंडाबाईनं तिला फोटोत बघितलं होतं, फोनमध्ये हलताना-बोलताना बघितलं होतं, पण अंगाचा वास यावा इतक्या जवळून आजच. ती बाई थांबली आणि हळू म्हणाली, "अक्का, मी आलो."

पोरी फिसकन हसल्या. बाई असून 'आलो' म्हणते! नवऱ्याच्या तोंडून भाषा शिकलेली, मग दुसरं काय व्हायचं? पण कोंडाबाईला हसू आलं नाही. तो 'आलो', त्याची ती ओढ, शेवटी जरासा वर जाणारा सूर, सगळं भावाचं होतं. कितीतरी महिन्यांत ते कानावर पडलं नव्हतं. पुढं होऊन मिठी मारावी हे तिला सुचलंच नाही. तिनं त्या बाईचा हात धरला आणि धरूनच राहिली.

"आई, मामीला आत तर येऊ दे," ज्योत्स्ना म्हणाली, तेव्हा कुठं ती बाजूला झाली.

कोंडाबाई दीक्षेच्या आधी जन्मलेली, म्हणून तिचं नाव कोंडाबाई. भाऊ दीक्षेनंतरच्या साली झाला, म्हणून तो बुद्धरत्न. पाठचा एकुलता भाऊ, तिनं कडेवर घेऊन वाढवलेला. तो औरादला शिकला, बिदरला शिकला, हैदराबादला इंजिनियर झाला आणि विशी-पंचविशीतच अमेरिकेला गेला. कोंडाबाईला गावातच दिलेली, त्यामुळं माय शेवटपर्यंत तिच्या नजरेसमोर राहिली. बुद्धरत्न मात्र परत आला नाही. मायच्या मातीलाही नाही. फोन करायचा, तासतास बोलायचा. गावातली पोरं टीव्हीतली मराठी बोलायला लागली, सुना कन्नड शाळेतनं येऊन तिसरंच काही बोलायला लागल्या, पण त्याची बोली गाव सोडताना होती तशीच राहिली होती. हुरडा निघाला का, वढ्याला पाणी हाय का, असलं विचारायचा. "मग येऊन बग की," कोंडाबाई म्हणायची. "येतो अक्का," तो म्हणायचा. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्याच्या छातीत कळ आली आणि तिथंच सगळं संपलं.

त्याची थोडी रक्षा त्या बाईनं जपून आणली होती. दुसऱ्या दिवशी सगळी मांजरेला गेली. भंतेजींनी सुत्तपठण केलं. ती गुडघाभर पाण्यात उतरली, आणि हात मोकळे झाले तरी तशीच उभी राहिली. शेवटी कोंडाबाईच पाण्यात शिरली आणि तिला बाहेर घेऊन आली.

तिचं नाव डेलिया. गावानं दोन दिवसांत त्याचं दिलियाबाई केलं. ती काय काम करते हे कोंडाबाईला ऐकून ठाऊक होतं, नाटकं लिहिते, नाटकात काम करते. पण ते नेमकं काय असतं हे कळलं ते अंगणात शेंगा फोडत बसल्यावर. डेलिया मोडक्यातोडक्या मराठीत सांगायची, मराठी संपली की इंग्रजीत शिरायची आणि ज्योत्स्ना ते मराठीत आणायची.

मिसिसिपी म्हणून एक मुलूख आहे, तिथल्या कापसाच्या गावात डेलिया जन्मली. बाप लवकर गेला. आई तिला घेऊन शिकागोला आली आणि लोकांच्या घरची फरशी पुसायला लागली. पोरीचा आवाज चांगला, म्हणून चर्चमध्ये गायला उभी केली. तिथनं नाटकाचं वेड लागलं. मोठ्या नाटकमंडळीत शिरली खरी, पण काळ्या बाईला तिथं काम एकच, मोलकरणीचं. ट्रे घेऊन यायचं, "होय बाईसाहेब" म्हणायचं आणि आत जायचं. तरुणपण असं ट्रे धरण्यात गेलं. एका प्रयोगाला ती ट्रे घेऊन रंगमंचावर आली आणि आत जायचं विसरली. विसरली कसली, गेलीच नाही. मालकिणीचं काम करणारी बाई दोनदा "जा" म्हणाली. डेलिया तिथंच उभी राहून प्रेक्षकांकडं बघत राहिली. त्याच दिवशी तिला काढून टाकलं.

"मग?" कोंडाबाईनं विचारलं. शेंगा फोडणारा हात थांबला होता.

"मग मीच लिवलो," डेलिया म्हणाली. "माझ्यासाटी कुणी लिवना, म्हनून मीच लिवलो. मीच मालकीण, मीच मोलकरीण, मीच आजी."

"मामी, बाईनं 'लिवले' म्हणायचं असतं," ज्योत्स्ना म्हणाली.

"ऱ्हाऊ दे की," कोंडाबाई तिच्यावर एकदम खेकसली. "बोलू दे तिला तसंच."

तिचं पहिलं नाटक एका चर्चच्या तळघरात झालं. एक खुर्ची, एक पांढरी चादर आणि ती एकटी. नाटकात तिची आजी होती. जमीनदाराकडं पाव्हणे आले की आजीला ओसरीपुढं उभी करायचे, गाणं म्हणायला लावायचे, नाचायला लावायचे. डेलियानं ते असं रचलं होतं की लोकांनी आधी हसावं आणि मग त्यांना स्वतःच्याच हसण्याची लाज वाटावी. लोक हसत होते. शेवटच्या ओळीत एक किडकिडीत परदेशी माणूस बसला होता. तो एकटाच रडत होता.

"नाटक झाल्यावर मी त्याला विचारलो, कामून रडलास? म्हनला, आमच्या गावात बी असं होतं."

तो बुद्धरत्न. त्यानंतर तिच्या प्रत्येक नाटकाला तो शेवटच्याच ओळीत बसायचा. लग्न झालं तरी. पुढं तिचं नाव झालं, मोठमोठ्या थिएटरांतनं बोलावणी आली, विद्यापीठात शिकवायला लागली, बक्षिसं मिळाली. ओळ त्यानं सोडली नाही.

"आता ती खुर्ची कुणी घेतली की मला वाक्य आठवत न्हाई," ती म्हणाली, आणि मुठीतल्या शेंगा तशाच सुपात टाकल्या.

तिचं शेवटचं आणि सगळ्यात गाजलेलं नाटक सासूवर होतं. कधी न बघितलेल्या सासूवर. बुद्धरत्नानं जे जे सांगितलं, उठून जे जे करून दाखवलं, त्यातनं तिनं माय उभी केली होती. गेली कितीतरी वर्षं ती ते करत होती.

"इथं करू का?" तिनं विचारलं. "गावात? मायच्या गावात?"

गावाला आनंद झाला. पोरांनी विहारापुढचा चौथरा झाडला, दिवे लावले. कोंडाबाईला मात्र ते नको होतं. पाव्हणी इतक्या लांबून आलेली, भावाची बायको, काय बोलणार?

संध्याकाळी अख्खं गाव जमलं. गुंडप्पा अण्णा घरच्यांना घेऊन आला, चिंताकीहून पाव्हणे आले. डेलियानं आधी आजी केली. इंग्रजी कुणाला कळलं नाही, पण चादर कमरेला गुंडाळून, हसू तोंडावर ताणून ती ओसरीपुढं उभी राहिली तेव्हा पुढं बसलेल्या म्हाताऱ्या गप्प झाल्या. मग तिनं तीच चादर डोक्यावरनं घेतली, डावा हात कमरेवर ठेवला, मान जराशी तिरकी केली आणि चार पावलं चालली.

कोंडाबाई उठून उभी राहिली. ती मायची चाल होती. पाय टाकायच्या आधी टाच किंचित घासायची ती लकबसुद्धा. भावानं परक्या मुलखात, कुठल्यातरी खोलीत, बायकोपुढं हे किती वेळा चालून दाखवलं असेल? कोंडाबाईचे डोळे भरून आले. "बस की गं," मागच्या बाईनं तिचा पदर ओढला.

चौथऱ्यावरची माय आता खुर्चीत बसून लेकराला मांडीवर जोजवत होती आणि अंगाई गात होती. मग लेक मोठा झाला, लांब गेला. माय फोनपाशी आली, हातात फोन धरून पलीकडच्याला ऐकू जावं म्हणून मराठीत ओरडली, "दोघंबी या रं बाबा. जोडीनं या. मी वाट बगायलेय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन-तीन म्हाताऱ्यांनी मात्र मान वळवून कोंडाबाईकडं बघितलं. कोंडाबाई खाली बघत होती.

सकाळी डेलिया अंगणात आली. रात्रभर झोप नसावी. ती कोंडाबाईपुढं मांडी घालून बसली.

"अक्का, माय अशीच होती का?"

"व्हय. चालनं तर हुबेहूब."

"ते फोनचं वाक्य माझ्या तोंडात बसत न्हाई," डेलिया म्हणाली. पुढचं तिनं इंग्रजीत सांगितलं आणि ज्योत्स्नानं मराठीत आणलं. ती म्हणत होती, मी हजार वाक्यं बोलले असेन. खोटं वाक्य बोलताना जिभेला कळतं. बुद्धाला मी किती वेळा विचारलं, आई बोलावते तर आपण जात का नाही? तो म्हणायचा, यंदा काम आहे, पुढच्या वर्षी. मग मराठीत तिनं नीट जुळवून विचारलं, "माय खरं काय म्हनली होती?"

"तो सांगितला तेच," कोंडाबाई म्हणाली.

डेलियानं मान हलवली. उठायला लागली.

"थांब," कोंडाबाई म्हणाली.

त्या दिवशी ती मायबरोबर होती. औरादच्या पोस्टात फोन यायचा होता, दोघी एस.टी.नं गेल्या होत्या. बुद्धरत्न पलीकडनं सांगत होता, की नाटकात काम करणारी एक पोरगी आहे, काळ्या लोकांतली, तिच्याशी लग्न करतोय, तिला घेऊन गावाकडं येतो. माय बराच वेळ ऐकत राहिली.

"मग म्हनली," कोंडाबाईनं डेलियाच्या डोळ्यांत बघितलं, "ये. पर एकलाच ये."

ज्योत्स्नानं हे कधी ऐकलं नव्हतं. तिला भाषांतर करायची गरजही पडली नाही.

"मी काळी म्हनून?" डेलियानं विचारलं.

"काळी?" कोंडाबाईला रडता रडता हसू आलं. "अगं, माय माझ्यापेक्षा काळी. पुढं पुढं म्हनायची, सून काळी हाय म्हनं, मी काय गोरी हाव का? रंगाचं न्हाई गं. नाटकाचं."

आणि मग तिनं ते सांगितलं. गावातल्या मोठ्या घरी लग्न निघालं की मायला आणि मायच्या मायला बोलावणं यायचं. मांडवाबाहेर उभं राहून गायचं, हलगीवर नाचायचं. आत जेवणं चालायची. जेवणं झाली की उरलंसुरलं पदरात. पुरुष टवाळी करायचे, तरी हसून गायचं, नाही म्हणायची सोय नाही. कोंडाबाई तेव्हा मायचं बोट धरून जायची. मग दीक्षा झाली. सगळ्या वस्तीनं ठरवलं, आता कुणाच्या दारात वाजवायचं नाही, गायचं नाही, नाचायचं नाही. आज्यानं हलगी फोडली. त्या दिवसापासून माय गायली नाही. बुद्धरत्न पुढच्या साली झाला, त्यालासुद्धा कधी अंगाई म्हणून झोपवलं नाही. नुसतं थोपटायची.

"त्यानं तिचं गानं ऐकलंच न्हाई?" डेलियानं विचारलं.

"कदीच न्हाई. म्हनून तर तुझ्या नाटकात माय गायला लागली तवा मला कसंतरी झालं. पोस्टातनं घरी येताना माय एवढंच बोलली. आपुन जे हातानं फेकून दिलं ते लेक घरात आनायलाय. तिला वाटलं, तुला बी कुनीतरी हुभी करतंय, नाचायला लावतंय. अन त्यो हट्टी. यीन तर जोडीनंच यीन म्हनला. ही म्हनली एकलाच. दोघं बी हटले न्हाईत. अन माय गेली."

डेलिया हळूहळू सांगायला लागली, ज्योत्स्नाकडं न बघता. तिची ओसरीपुढं गाणारी आजी तिचं नाटक बघायला खास शिकागोला आली होती. पहिल्या ओळीत बसली आणि अर्ध्यातून उठून गेली. म्हणाली, मला तिथं मारून-मुटकून नेत होते, तू आपल्या पायानं जातेस. मरेपर्यंत ती नातीशी बोलली नाही.

"माय मला भेटली असती," डेलिया म्हणाली, "तर मी तिला सांगितलो असतो."

"काय सांगितलं असतंस?"

डेलियानं मान हलवली. "ठाऊक न्हाई. आजीला बी सांगता आलं न्हाई."

ऊन अंगणात आलं. डेलियानं विचारलं, "अक्का, तू ऐकलीस ना मायचं गानं? तुला येतं का?"

येत होतं. एक तर पुरं येत होतं, चालीसकट. इतक्या वर्षांत कुणीही विचारलं नव्हतं, स्वतःच्या लेकीनंही नाही. कोंडाबाईच्या घशाशी ते आलं सुद्धा.

"येतं," ती म्हणाली. "पर मी देनार न्हाई. तिनं सोडलेलं हाय ते. मी कशी देऊ?"

डेलियाच्या चेहऱ्यावर क्षणभर लहान पोरीसारखा हिरमोड दिसला. मग ती म्हणाली, "बरं."

पुढच्या आठवड्यात कलबुर्गीला प्रयोग होता. ज्योत्स्नाच्या ओळखीचा मृत्युंजय म्हणून एक नाटकवाला तिथं मंडळी चालवतो, त्यानं सगळं जुळवून आणलं होतं. कोंडाबाई लेकीबरोबर बसनं गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती नाट्यगृहात बसत होती. ज्योत्स्ना पुढच्या ओळीकडं निघाली, पण कोंडाबाई वळली आणि सगळ्यात मागच्या ओळीत जाऊन बसली.

आजी झाली, मालकीण झाली. मग चादर डोक्यावर आली आणि माय चालत आली. ती खुर्चीत बसली, लेकराला मांडीवर घेतलं, गाण्यासाठी तोंड उघडलं. आवाज आला नाही. ओठ मिटले. नुसता हात हलायला लागला, एका लयीत, थोपटणारा. कोंडाबाईचे ओठ अंधारात आपोआप हलत होते. सगळं गाणं, पहिल्या ओळीपासून. आवाज तिनंही काढला नाही.

मग फोन आला. माय ऐकत राहिली. एकदा तिनं पदर नीट केला. खूप वेळानं म्हणाली, "ये." आणि थांबली. "पर एकलाच ये."

फोन ठेवल्यावर ती बसली नाही. हात फोनवरच होता. त्या उभं राहण्यात काय नव्हतं! लेकाची भूक होती, मानभंगाचा राग होता, आणि आत्ता पुन्हा फोन वाजावा अशी आस होती. पोस्टात माय अशीच उभी राहिली होती हे कोंडाबाईनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. डेलियालाही नाही. कोंडाबाईला वाटलं, आत्ता उठावं, या सगळ्या खुर्च्या ओलांडून वर जावं आणि म्हणावं, चल माय, घराकडं.

प्रयोग संपल्यावर डेलिया तोंड धुऊन बाहेर आली. लोक फोटो काढायला थांबले होते. त्यांच्यातून वाट काढत ती कोंडाबाईपाशी आली.

"बसलं का?" तिनं विचारलं.

"बसलं," कोंडाबाई म्हणाली. "लई बसलं. बुद्धानं बगायला पायजे होतं."

"त्यानं बगितला असता तर रागावला असता."

"रागावू दे की. बगायला तरी पायजे होतं."

डेलियानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. उंच बाई, तिला बरंच वाकावं लागलं.

दोन दिवसांनी ती हैदराबादहून विमानानं गेली. आता फोन तिचा येतो. कोंडाबाई हातातलं काम टाकून उचलते. तिकडं बर्फ पडलं, इकडं तूर निघाली, असलं बोलणं होतं. ज्योत्स्ना नसते तेव्हा शब्द अडतात, मग दोघी गप्प राहतात, पण फोन ठेवत नाहीत.

परवा डेलियानं सांगितलं, नाटक पुन्हा सुरू झालंय, नव्या शेवटासकट.

"माय कशी हाय?" कोंडाबाईनं विचारलं.

"बरी हाय. काल फोन ठिवल्यावर लई वेळ हुभीच होती. लोक उठून गेले तरी."

"अगं, पाय दुखतील की तिचे," कोंडाबाई म्हणाली. "बसव जरा तिला."

"व्हय अक्का," डेलिया म्हणाली. "बसवतो."